अकरा नंबरची किळस

नाकोबाच्या डोक्याला पांढऱ्या पट्ट्यांचं मुंडासं बांधलं होतं आणि त्यातून तारांची एक जाड वेणी निघून उशीवरून, पलंगाच्या कडेवरून भिंतीतल्या पेटीत शिरत होती. डोक्यावरचे केस जाऊन बरीच वर्षं झाल्यावर आपल्याला वेणी येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण त्याची तक्रार वेणीबद्दल नव्हती. तक्रार पट्टीखाली साचलेल्या घामाबद्दल, त्या घामात भिजलेल्या डिंकाबद्दल आणि सकाळी अंग पुसायला आणलेल्या पाण्याबद्दल होती.

"या पाण्यात माझ्याआधी कोणाला तरी पुसलंय," तो म्हणाला.

"ताजं पाणी आहे हो," बायको म्हणाली.

"पाणी ताजं असेल. फडकं नाही."

बायकोने फडकं नाकाला लावलं, तिला काही कळलं नाही, आणि तिने ते निमूटपणे बदलून आणलं. संसाराची इतकी वर्षं ती हेच करत आली होती. "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मला वाटलं लाजून मान खाली घातलीय," ती मैत्रिणींना सांगायची. "नंतर कळलं, सोफ्याची उशी हुंगत होते."

नाकोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण डेअरीत खऱ्या नावाने हाक मारली तर तो ओ द्यायचा नाही. त्याचं काम वास घेण्याचं. सकाळी दुधाचे कॅन आले की फलाटावर उभं राहायचं, कॅनचं झाकण उचलायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला नाक न्यायचं, कारण वास तिथे साठतो, आणि 'घे' नाहीतर 'ने' म्हणायचं. प्रयोगशाळा होती, पण तिची नळी रंग बदलेपर्यंत बाकीचे कॅन उन्हात नासले असते. म्हणून पहिला शब्द नाकोबाचा. त्याने 'ने' म्हटलं की कॅन परत, मालकालाही वाद घालता येत नसे.

मग त्याला एक भलताच वास येऊ लागला. जळक्या रबरात कोणीतरी अंडी उकडावीत तसा. तो कुठूनच यायचा नाही आणि सगळीकडून यायचा. पोटातून किळसेची लाट उठायची, घशापर्यंत यायची, स्वतःचा हातसुद्धा अंगाला लागू नये असं वाटायचं, आणि मग काही क्षण नाकोबा गायब. डोळे उघडे, माणूस उभा, आणि ओठ मचमच चाललेले. फलाटावरच्या हमालांना वाटायचं, आज दूध फारच आवडलेलं दिसतंय.

हे कसंबसं झाकलं गेलं असतं, पण मधे मालकाच्या जावयाचा टँकर आला. जावयाचं स्वतःचं, दूध गोळा करून गार करायचं शीतकेंद्र होतं आणि तिथलं दूध न हुंगता आत घ्यायची पद्धत होती. नाकोबाने झाकण उघडायला लावलं, नाक नेलं, आणि म्हणाला, "ने."

जावई वाद घालायला खाली उतरला. त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत नाकोबाची नजर थिजली, ओठ मचमच करू लागले आणि तो टँकरच्या चाकाशी आडवा झाला. त्याला रुग्णवाहिकेत चढवलं तेव्हा इकडे टँकरचा पाइप डेअरीच्या टाकीला जोडून झाला होता.

"रोग बिचाऱ्याच्या डोक्यात निघाला," मालक सगळ्यांना सांगत सुटले, "आणि बदनाम झालं दूध."

त्या दिवसापासून नाकोबाकडे रिकामे कॅन धुण्याचं काम आलं. ते त्याने केलंही असतं. पण त्याला एकच गोष्ट कळत नव्हती आणि ती त्याला खात होती. त्या दिवशी वास टँकरला येत होता, की त्याच्या डोक्याला? फेफऱ्याच्या झटक्यानंतर आधीचं सगळं गढूळ झालं होतं. कधी वाटायचं तो रबराचा वास होता, कधी वाटायचं नाही, साबणासारखा निसरडा होता. ज्याच्या किळसेच्या भरवशावर अख्खं शहर चहा पीत होतं, त्याचाच आता आपल्या किळसेवर भरवसा उरला नव्हता. मालकांनी सांगितलं होतं, डोकं दुरुस्त करून ये, मग फलाटाचं बघू.

म्हणून हे मुंडासं. डॉक्टरांनी कवटीची एक खिडकी उघडून मेंदूवर एक मऊ, पारदर्शक पत्रा अंथरला होता. त्यावर शर्टाच्या बटणाहून लहान धातूच्या चकत्या होत्या, आणि काही चकत्या बारीक तारांच्या टोकाला सुईसारख्या आत खोल सोडल्या होत्या. प्रत्येकीने आपापल्या खालचा मेंदू काय बोलतो ते ऐकायचं आणि पलीकडच्या खोलीतल्या पडद्यावर त्याची रेघ काढायची. झटक्याच्या गोळ्या कमी केल्या होत्या. झटका आला की तो नेमका कोणत्या चकतीखालून उठतो ते दिसणार होतं, आणि मग तेवढा भाग काढायचा होता. नाकोबाच्या हातात एक बटण दिलं होतं. वास यायला लागला की दाबायचं.

पाहुण्यांसमोर पोर जसं गाणं म्हणत नाही, तसा झटका काही डॉक्टरांसमोर येईना.

मोठे डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन उत्साहाने विचारायचे, "काय, आला का?" आणि निराश होऊन जायचे. पण ते वेळ फुकट घालवणाऱ्यांतले नव्हते. किळस हा त्यांचा आवडीचा विषय होता. लोक तिकिटं जमवतात तसे ते किळसवाणे फोटो जमवत. बुरशी आलेला पाव, सूपातलं झुरळ, फुगलेला मासा, कोणाच्या तरी पायाचं नख. हे सगळं ते नाकोबाला एकामागून एक दाखवत आणि काचेपलीकडे पडद्यासमोर बसलेल्या बाईंकडे आशेने बघत. तिथे काहीच हलत नसे.

"तुम्हाला काही वाटत नाही?" त्यांनी एकदा न राहवून विचारलं.

"वास नाही त्याला," नाकोबा म्हणाला. "नुसतं बघून काय वाटायचं?"

वाटायला लावणारा खरा माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. तो नाकोबाचा मेहुणा. डेअरीच्या ऑफिसात होता आणि बहिणीला आराम म्हणून दुपारी पाळी करायला यायचा. त्याने स्कूटरची किल्ली काढली, कानात फिरवली, बाहेर काढून निरखली आणि मग नाकाशी नेली.

आतून ध्वनिवर्धकावर पडद्याच्या बाईंचा आवाज आला. "काका, आत्ता काय झालं?"

"काही नाही."

"अकरा नंबर म्हणतोय, झालं."

"कोण अकरा नंबर?"

"तुमची एक चकती. खोलवरची. एकदम बारीक थरथर आली आणि विरली. झटका नाही. काहीतरी घाण वाटलं का तुम्हाला?"

नाकोबाने मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा किल्ली पँटला पुसत होता.

"परत आली," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून नाकोबाच्या मनातलं सगळं चव्हाट्यावर आलं. मनात ठेवायची सोय म्हणून निसर्गाने माणसाला चेहरा दिला आहे, तो निर्विकार ठेवता येतो, पण अकरा नंबरला चेहरा नव्हता. वॉर्डातल्या सूपाला थरथर. डॉक्टरांनी हातावर शिंकून त्याच हाताने नाडी धरली, थरथर. मेहुण्याचे मोजे, लांबलचक थरथर. बाईंना मजा येऊ लागली. त्या दाराबाहेर कोण आलंय ते पडद्यावरून ओळखायच्या.

बायकोने एकदा काचेपलीकडे जाऊन हे स्वतः बघितलं आणि मग पलंगाशी येऊन बसली.

"मी आले तेव्हा तो अकरा नंबर हलला," ती म्हणाली.

"तुझ्या हातात डबा होता."

"कालचीच भाजी होती हो. फ्रिजमधली."

"म्हणून तर हलला."

"आणि काल मी डबा नव्हता आणला तेव्हा?"

"काल तुझा दादा होता तुझ्याबरोबर."

बायकोला हे पटण्यासारखं होतं. "पण म्हणजे इतकी वर्षं," ती म्हणाली, "तुम्ही जे तोंड वेडंवाकडं करता, ते कमीच करत होतात म्हणायचं."

"पुष्कळ आवरून," नाकोबा म्हणाला.

डॉक्टरांनी त्यांना एक सावधगिरीची सूचना दिली होती. झटका अकरा नंबरच्या आसपासच कुठेतरी उठत असावा. तो नेमका अकराखालूनच निघाला, तर काढताना किळसही जाईल. बायकोने ते ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर एक वेगळीच कळा आली. घरात एखादा टॉवेल न हुंगता वापरला जाईल, पाहुण्यांचा चहा पाहुण्यांसमोर ओतून दिला जाणार नाही, असलं काहीतरी तिला दिसलं असावं. नाकोबाने ते बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

असं चाललं असताना मालक भेटीला आले. एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात आपल्याच डेअरीच्या दुधाच्या पिशव्यांची पेटी. मेहुणा धावत पुढे झाला आणि त्याने पेटी अशी घेतली की जणू आत मालकांचं बाळ होतं.

"स्टाफसाठी आणलंय," मालक म्हणाले. "रात्रंदिवस राबतात बिचारे. अरे नाकोबा, काय रे ही अवस्था. राजासारखा मुकुट घालून बसलायस."

त्यांनी स्वतः एक पिशवी दातांनी फोडली, कोपरा थुंकला आणि पलंगाशेजारच्या ग्लासात दूध ओतलं.

नाकोबाने बटण दाबलं.

घंटा वाजली, नर्स धावली, मोठे डॉक्टर हातातला घास तसाच घेऊन पळत आले. सगळे नाकोबाकडे बघत उभे राहिले. नाकोबाही वाट बघत होता. वास आला होता. पोटातून लाट आली होती. आता डोळे थिजायचे, ओठ मचमचायचे. पण काहीच होईना. वास मात्र जागचा हलेना.

"काय वास आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"साबण. ओलं फडकं. आणि त्याच्याखाली आंबट," नाकोबा हळूच म्हणाला. "दूध आंबलं आणि त्यात सोडा घालून आंबटपणा मारला की येतो तसा."

मालकांनी डॉक्टरांकडे दयेने बघितलं. "हेच, डॉक्टरसाहेब. टँकरच्या वेळी हेच. बिचाऱ्याच्या डोक्यात आहे सगळं."

डॉक्टर काचेकडे वळले. "बाई?"

"झटका नाही सर," ध्वनिवर्धक म्हणाला. "बाकी सगळ्या रेघा गप्प आहेत. अकरा नंबरला थरथर. साधी किळस. पण अशी आपण अजून पाहिली नाही."

"मेहुण्याच्या मोज्यांपेक्षा?"

"मोजे काहीच नाहीत, सर."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. दुधाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, मालक कोण हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांना इतके दिवस फोटो दाखवून जे मिळालं नव्हतं ते अचानक घरबसल्या मिळालं होतं आणि ते असं सोडणार नव्हते. त्यांनी कँटीनमधून दुसऱ्या दुधाचा ग्लास मागवला. नाकोबाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. एकदा हा ग्लास नाकाखाली, एकदा तो, मनाला येईल त्या क्रमाने. कँटीनच्या दुधाला अकरा नंबर झोपलेला. मालकांच्या दुधाला दरवेळी थरथर, न चुकता.

"म्हणजे हे डोक्यात नाही?" पट्टीखालून नाकोबाने विचारलं.

"छे, छे. हे डोक्यात कसं असेल? हे ग्लासात आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमची किळस अगदी निरोगी आहे. दृष्ट लागावी अशी." मग ते मालकांकडे वळले. "तुम्ही नातेवाईक ना? जरा मदत कराल? दुसऱ्याने हे पिताना बघितलं तर यांच्या किळसेत फरक पडतो का, ते बघायचंय. घोटभर प्या."

"मी?" मालक म्हणाले.

"तुमच्या मते चांगलंच आहे ना?"

खोलीत नर्स होती, बायको होती, मेहुणा होता, काचेपलीकडे बाई होत्या. मालकांनी ग्लास उचलला. बाहेर गाडीत तापून दूध कोमट झालं होतं आणि त्याच्या कडेला बारीक कण चिकटले होते. मालक हसले. त्यांनी एक घोट घेतला, कंठमणी वर गेला आणि खाली यायला तयार होईना. मग आला. ते पुन्हा हसले.

"अमृत," ते म्हणाले, आणि कोणी सांगितलं नसताना त्यांनी उरलेला ग्लास संपवला. तळाशी जो गठ्ठा राहिला होता तो त्यांनी ग्लास आपटून तोंडात घेतला. मिशीवर एक पांढरा कण राहिला. तो त्यांनी जिभेने शोधला, मिळाला नाही, मग बोटाने पुसला आणि बोट चाटलं.

"सर," बाई म्हणाल्या, "अकरा नंबर पडद्याच्या बाहेर गेला."

नाकोबाच्या डोळ्यांवरची पट्टी तेव्हा काढलेली होती. त्याला मळमळत होतं, आणि कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. टँकर नासका होता. नाकोबा पडला होता हे खरं, पण 'ने' आधी म्हणाला होता.

झटका आला तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी, कोणालाही अपेक्षा नसताना. रबर, अंडी, थिजलेली नजर, मचमच, सगळं रीतसर. डॉक्टर इतके खूश झाले की नाकोबा शुद्धीवर आल्यावर त्यांनी त्याचं अभिनंदन केलं. संध्याकाळी ते खुर्ची ओढून पलंगाशी बसले, तेव्हा मात्र गंभीर होते.

"अकरा नंबर," ते म्हणाले. "तिथूनच उठतो. झटका आणि किळस एकाच खोलीत राहतात. एकाला हाकललं की दुसरंही जाईल."

"मग काय होईल मला?"

"तसं काही नाही. दूध आंबलंय हे नाकाला कळेल. फक्त किळस वाटणार नाही."

"आणि प्यायलो तर?"

"तर प्याल." डॉक्टरांनी धीर दिला. "आमचे एक जुने पेशंट आहेत. आता रस्त्यावर पडलेलंसुद्धा उचलून खातात. इतका समाधानी माणूस मी दुसरा पाहिला नाही."

मेहुणा खाकरला. तो डेअरीतून सरळ इथे आला होता. "भाऊजी, मालकांनी निरोप दिलाय. अकरा नंबर काढून घेतला तर फलाटाची जागा तुमचीच. उद्यापासून म्हटलं तरी."

"आणि नाही काढला तर?"

"तर म्हणाले, आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा." मेहुण्याने आवाज खाली आणला. "भाऊजी, हट्ट नका करू. किळस येऊन कोणाचं भलं झालंय? मला बघा. मला कशाचंच काही वाटत नाही, आणि माझं कुठे काही अडलंय?"

पलीकडून ध्वनिवर्धक खरखरला. "अकरा नंबर," बाई म्हणाल्या.

नाकोबाने बायकोकडे बघितलं. तिने बोलावं असं त्याला वाटत नव्हतं. ती काय म्हणणार हे त्याला माहीत होतं, आणि तिने म्हटलं असतं तर त्याच्याने नाही म्हणवलं नसतं.

"गोळ्यांवर भागेल का, डॉक्टर?" बायकोने विचारलं.

"भागेल. पण अधूनमधून झटका येणार. सतत कोणीतरी लक्ष ठेवायला हवं."

"मी ठेवीन. तुम्ही यांच्या डोक्यातलं तुमचं सामान तेवढं काढून घ्या."

"अगं, पण," मेहुणा म्हणाला.

"तू बाहेर जा, दादा. जाताना किल्ली घेऊन जा."

दोघंच राहिल्यावर नाकोबा म्हणाला, "तुला तर सुटका हवी होती."

"हवीच होती," बायको म्हणाली. "पण त्या माणसाने ग्लास आपटून तो गठ्ठा तोंडात घेतला तेव्हा मी इथे उभी होते. वर बोट चाटलं त्याने. मला घरात असा माणूस नको. तुमचं काय म्हणणं आहे?"

"तेच," नाकोबा म्हणाला. "फडकं तेवढं बदल."

डेअरीत त्याला परत घेतलं नाही. जावई आता फलाटावर उभा राहतो आणि सगळ्यांना 'घे' म्हणतो. नाकोबा एका बेकरीत अंडी फोडून हुंगतो. महिन्यात कधीतरी रबराचा वास येतो, तो थांबतो, मचमच करतो, भानावर येतो आणि तेच अंडं पुन्हा हुंगतो. दुसऱ्यांदा वास आला तर अंडं वाईट. घरी असला तर झटका कोणता आणि खरी किळस कोणती हे बायको ओळखते. तिला आता पडदा लागत नाही, ती नुसतं तोंड बघते. झटक्यात त्याची नजर कुठेच नसते. खऱ्या किळसेत ती कोणावर तरी असते.

परवा संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनी दुधाची पिशवी घेऊन आल्या. मालकांच्याच डेअरीची. "भाऊजी, जरा बघता का? आमच्या ह्यांना सकाळपासून बरं नाहीय."

नाकोबाने पिशवीचा कोपरा कापला, नाक नेलं आणि पिशवी लांब धरली. "सोडा. आंबलेल्यावर."

वहिनींनीही वास घेतला. एकदा घेतला, दोनदा घेतला. "अय्या, खरंच की. साबणासारखं." त्यांनी पिशवीचं तोंड चिमटीत धरलं. "असू दे. चांगलं खळखळून उकळते. साखर जरा जास्त घातली की कळत नाही. आता आणलंय तर संपवून टाकू."

नाकोबाचा चेहरा एकदम बदलला. ओठ ताणले, नाकपुड्या फुलल्या, नजर वहिनींवर खिळली.

वहिनी घाबरून मागे सरल्या. "अहो ताई, बघा हो, भाऊजींना झटका येतोय."

बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "ते ठीक आहेत."